माफी खाली, पाय वर

बातमी आली तेव्हा मी तन्वीचे मोजे दोरीवर वाळत घालत होते. नागपूरचं दुपारचं ऊन असं की एका मोज्याला चिमटा लावेपर्यंत दुसरा वाळून जावा. गाऊनच्या खिशात फोन वाजला. फोरमवर कुणी नवीन काही लिहिलं की तो वाजतो. सकाळपासून मी स्वतःच तिथे एक प्रश्न लिहून ठेवला होता, पाठवला नव्हता. तन्वीचा डावा पाय पुन्हा आत वळायला लागला होता आणि त्याबद्दल विचारायचं होतं. म्हटलं, कुणाचा तरी मेसेज आलाय, तो बघू आणि मग आपला टाकू. उघडलं तर शीर्षकात दोनच शब्द. 'आई गेली.' खाली, फोरम चालवणाऱ्या कुंदामावशींचा मुलगा प्रफुल्ल यांनी लिहिलं होतं, 'आज सकाळी, घरीच. चार वाजता नंदनवनमधून नेणार.' बाकी काही नाही. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. शीर्षकात विषय, खाली कधी आणि कुठे... मावशींनी आम्हा सगळ्यांना शिकवलं होतं तसंच. स्वतःच्या मरणाची बातमीसुद्धा त्यांच्या पद्धतीनेच आली.

तन्वीला उचलून मी निघाले. आम्ही मिहानच्या बाजूला राहतो, नंदनवन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. एक बस बदलून, मग ऑटो करून पोचले तेव्हा त्यांना नेलं होतं. दारात चपलांचा ढीग होता, आणि पांढऱ्या साड्या नेसलेल्या काही बायका अंगण झाडून घेत होत्या. "बुद्धवंदना झाली, गेले आता," एकीने सांगितलं. "तू कोन वं?" नातेवाईक नाही, शेजारीण नाही. मी म्हटलं, "मी फोरमवरची." तिला ते समजलं नसावं, पण तिने तन्वीच्या पायांकडे पाहिलं आणि पाण्याचा गिलास आणून दिला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. काही मुलं पाय आतल्या बाजूला वळलेले घेऊन जन्माला येतात. तळवे एकमेकांकडे बघतात, जसे नमस्काराचे हात. हे बरं होतं. पहिल्या आठवड्यांत दर आठवड्याला नवीन प्लॅस्टर घालत पाय हळूहळू सरळ करतात. पण खरी कसोटी त्यानंतर असते. दोन बूट आणि त्यांना जोडणारी एक लोखंडी दांडी, ती बाळाच्या पायात आधी जवळजवळ पूर्ण दिवस आणि पुढे चार-पाच वर्षं रोज झोपताना घालायची. मूल रडतं. नातेवाईक रडतात. पाय तर सरळ दिसत असतात, मग कशाला छळता, असं सगळे म्हणतात. आणि ज्या घरात दांडी सुटते त्या घरात बहुतेक वेळा पाय पुन्हा वळतो. कुंदामावशींचा फोरम अशा आईबापांसाठी होता. इंटरनेटवरची एक साधी जागा, जिथे प्रत्येक प्रश्नाचं वेगळं पान होतं आणि त्याखाली उत्तरं.

मी वेंगुर्ल्याकडची. सातवीनंतर शाळा सुटली आणि काजूच्या कारखान्यात बसले. लग्न झालं, नवऱ्याला इथल्या एका कंपनीत गोदामात काम लागलं आणि समुद्राजवळची मी या कोरड्या गावात आले. इथे माझं कुणी नाही. तन्वी जन्मली तेव्हा सुईणबाईंनी ती दुपट्यात गुंडाळून दिली, पायापर्यंत नीट गुंडाळून, आणि मला लगेच कळलं की काहीतरी लपवलंय. फोनवर आई म्हणाली, "ग्रहणात काय कापलंस काय गो?" दांडीचे बूट आले तेव्हा तिचा फोन रोज यायचा. "चेडवाक रडवतंस कित्याक? लोखंड घालतत काय पोरांका?" मला तरी कुठे खात्री होती! मी मुळात घाबरट. आणि आभार मानायची मला खोडच आहे. कंडक्टरने सुटे परत दिले तरी मी दोनदा थँक्यू म्हणते, डॉक्टर ओरडले तरी म्हणते. आपल्याला कुणी हाकललं नाही हेच उपकार, असं आत कुठेतरी बसलेलं असतं.

दवाखान्यात प्लॅस्टरच्या रांगेत शेजारी बसलेल्या बाईने मला फोरमचं नाव सांगितलं. माझा पहिला मेसेज लिहायला मला अख्खी दुपार लागली. तन्वीच्या टाचेला लाल झालं होतं, वरची कातडी गेली होती, ते विचारायचं होतं. मी सुरुवात केली, 'सर्वांना नमस्कार, मी कमी शिकलेली आहे, काही चुकलं तर माफ करा.' मग सातवी कशी सुटली. मग सासू काय म्हणते. मग गाव, मग खोलीचा उकाडा, मग रवळनाथ पाठीशी आहे म्हणून... एकही पूर्णविराम नाही. अगदी शेवटी टाच. पाठवलं आणि फोन उशीखाली ठेवून दिला, जणू काही गुन्हा केलाय. उत्तरं आली, चांगली आठ-दहा. 'ताई, शिक्षण महत्त्वाचं नसतं.' 'ताई, तुम्ही खूप छान आई आहात.' 'सासूंना प्रेमाने समजवा.' एकाने वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याचं कौतुक केलं. टाचेबद्दल कुणीच काही लिहिलं नाही. मी प्रत्येकाचे आभार मानले. टाच तशीच लाल.

दुसऱ्या दिवशी फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता.

"मालती बोलून राहिली का?"

"हो... आपण?"

"मी कुंदा मेश्राम, फोरमवाली. तुह्या मेसेजमंदी पोरीचा पाय कुठी आहे वं?"

"लिहिलाय ना मावशी, खाली."

"खाली म्हंजे कुठी? आधी माफी. मंग सातवी. मंग सासू, मंग गाव, मंग देव. पाय आला शेवटच्या ओळीत, तोही 'पुढे वाचा'च्या खाली दबून. लोकं तिथवर जातच नाहीत बाई! वरचं वाचतात, तुह्या माफीले उत्तर देतात अन् निंघून जातात. माफी खाली लिही, पाय वर लिही."

मी तिथेच रडायला लागले. मावशींचा आवाज जरा खाली आला. "रडून झालं की सांग. कातडी निंघाली का? ओलं आहे का?" मी सांगितलं. "अन् लाल दिसलं म्हणून पट्टा सैल केला असशीन तू." मी खरंच केला होता. तिला लागू नये म्हणून रोज थोडा थोडा सैल करत होते. "सैल केला म्हणूनच टाच वर-खाली घासते. आईची माया बाई ते... उद्या दवाखान्यात जाऊन दाखव अन् त्यायलेच घट्ट कसा बांधायचा ते विचार. अन् आल्यावर फोरमवर लिही, काय झालं ते. तुह्यासारखी दुसरी कोनी सैल करत बसली असन."

टाच बरी झाली. मी परत जाऊन लिहिलं. पाय वर, माफी खाली. उत्तरात मावशींनी लिहिलं, 'आता दिसला.'

पुढे मी त्यांच्या घरी जाऊ लागले. बाहेरच्या खोलीत खिडकीशी एक दिवाण, त्यावर मावशी पाय वर घेऊन बसलेल्या, एक चष्मा डोळ्यांवर आणि एक कपाळावर. दोन्ही चष्मे लागायचे, एक फोनचा आणि एक माणसांचा. तर्री-पोह्याची पुडी नेली की म्हणायच्या, "आनली का लाच?" प्रफुल्लदादा आतल्या खोलीत संगणकावर काम करत. ते चालताना एका बाजूला झुकतात. लहानपणी त्यांच्या पायांना प्लॅस्टर झालं होतं, पण पुढचे बूट सुटले. "कोनी सांगतलंच नाही का हे सोडायचं नसते म्हणून," मावशी म्हणाल्या होत्या. "अन् मीही कोनाले विचारलं नाही. कोनाले विचारणार? मंग ऑपरेशन झालं. तो चालते, पळत नाही." हे त्यांनी एकदाच सांगितलं. दादा समोरच होते. ते म्हणाले, "आई, मी क्रिकेटमंदी अंपायर होतो ना बाप्पा, पळायचं काय काम!" मावशी हसल्या नाहीत.

मला वाटायचं, या बाईला नेमकं लिहिणं कुणी शिकवलं? त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉलचे दिवस. "तीन मिन्टाचा कॉल राहे," त्या सांगायच्या. "लोकं घंटा घंटा वाट पाहात. अन् लाइन लागली का, 'कसे आहात? आम्ही बरे. तुम्ही कसे?' त्यातच दोन मिन्टं जात. एकदा एका बाईच्या कॉलमंदी मी मधातच बोलली. म्हटलं, बाई, तुमचा माणूस दवाखान्यात आहे ते सांगा आधी, मंग पाऊस विचारा. माही तक्रार झाली! पन तिनं सांगतलं मात्र. लाइन कटायच्या आत."

फोरमवर त्या तशाच होत्या, लाइन कटायच्या आत माणसाकडून मुद्द्याचं वदवून घेणाऱ्या. कुणी फोनला बोलून टाइप करायचं, मग 'दांडी'चं 'दहीहंडी' झालेलं असायचं. मावशी त्यांना फोन करून विचारायच्या आणि दुरुस्त करायला लावायच्या. मुलाचा चेहरा दिसणारे फोटो काढून टाकायच्या, "पायाचा टाका, उभं करून, उजेडात." सगळं मोठ्या अक्षरांत किंवा उद्गारचिन्हांच्या रांगा लावून लिहिणाऱ्याला विचारायच्या, "काहून ओरडून राहिला गा?" कितीतरी जण मागे लागले की हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर न्या, सोपं पडेल. त्या ऐकल्या नाहीत. म्हणायच्या, तिथे सकाळचं उत्तर संध्याकाळी गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जातं. इथे पाच वर्षांनी आलेल्या आईलाही ते सापडलं पाहिजे. आणि उत्तर मिळालं की पुढे काय झालं ते लिहायला प्रत्येकाने परत यायचं, हा तिथला रिवाजच होता. कुणी आलं नाही तर मावशींचा फोन ठरलेला. "पाय सरळ झाला का पोट्ट्याचा? मंग लिहायले काय हात गेले?"

भांडणं व्हायचीच. कामठीची शबाना म्हणून एक आहे, तिच्या घरी पॉवरलूम चालतात. तिच्या मुलाचे बूट मधे काही महिने सुटले होते आणि पाय वळला. तिने ते खरं खरं लिहिलं. त्यावर एका मास्तर वडिलांनी लिहिलं, 'तुमच्यासारख्या आयांमुळेच मुलं अपंग होतात.' झालं! सगळे दोन्ही बाजूंनी तुटून पडले. मी त्या दिवशी मावशींकडेच होते. त्यांनी ते पान तेवढ्यापुरतं बंद केलं आणि मास्तरांना फोन लावला. मला वाटलं, आता आडवं घेणार. पण त्यांनी विचारलं, "मास्तर, तुमच्या पोट्ट्याचे बूट कोन बांधते?" तिकडून काहीतरी आलं. "नाही, तुमच्या घरी, रोज, कोन बांधते?" ... "हाव ना. मिसेस बांधतात. मंग आता असं करा, पंधरा दिवस तुम्ही बांधा. अन् मंग लिहा, तुम्ही काय केलं ते. दुसऱ्यानं काय करायले पायजे होतं ते लिहू नका." फोन ठेवून शबानाला लावला. तिला एवढंच म्हणाल्या, "तू जे लिहिलं ना शबाना, ते पुसू नको. तुले लाज वाटन, पन पुसू नको. माह्या टायमाले तसं कोनी लिहिलं असतं, तर..." आतल्या खोलीत दादांच्या कीबोर्डचा आवाज चालूच होता.

मास्तरांनी खरंच बूट बांधले. तीन दिवसांनी त्यांनी लिहिलं, 'मूल पाय झाडतं तेव्हा हात थरथरतात.' शबानाने त्याखाली उत्तर दिलं, 'पहले गोदी में लो, फिर बाँधो.' भांडण तिथे संपलं.

मलाही एकदा बूट सोडावेसे वाटले होते. गणपतीला गावी गेलो होतो. घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि तन्वी दांडीमुळे सगळ्यांच्या नजरेत. भर दुपारी माझ्या आईने तिचे बूट काढले आणि देवघराच्या मागे टाकून दिले. म्हणाली, "चतुर्थी आसा. आजच्या दिवस तरी पोराक सुखान झोपान देत." सगळ्यांनी मान डोलावली. आणि तन्वी खरंच शांत झोपली होती. ते बघून मलाही वाटलं की पुरे आता. मी मागच्या दारी जाऊन मावशींना फोन लावला, आणि सवयीने आधी 'गणपतीच्या शुभेच्छा' म्हटलं. त्या म्हणाल्या, "काय झालं ते सांग." मी सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "आईशी भांडू नको. तिच्याच हातानं बांधायले लाव. तिले म्हण, मले जमत नाही आहे." मी तसं म्हटलं. आई बडबडत आली, बूट शोधून आणले, चुकीचे बांधले, पुन्हा बांधले. त्यानंतर आम्ही नागपूरला निघेपर्यंत रोज तीच बांधायची आणि कुणी काही बोललं तर त्यांच्यावरच ओरडायची. माझ्या लेकीचे पाय त्या वर्षी त्या एका फोनमुळे वाचले, असं मी आजही धरून चालते.

या उन्हाळ्याच्या सुरुवातीला मावशींची उत्तरं छोटी होऊ लागली. आधी दोन ओळी. मग एक. मग नुसतं 'हाव, बरोबर.' आम्हाला वाटलं, आता बाकीचे जुने लोक उत्तरं देतात म्हणून त्या मागे राहतात. मी शेवटची गेले तेव्हा दिवाणावर त्या भिंतीला टेकून होत्या, चेहऱ्यावर सूज होती, कूलर समोर ओढून घेतलेला. मी विचारलं, "बरं नाही का?" तर म्हणाल्या, "उन्हाळा आहे बाई." आणि तन्वीला म्हणाल्या, "उभी राह्य पाहू. टाच टेकव." तन्वीने टेकवली. त्यांनी चष्मे अदलाबदल करून बराच वेळ बघितलं. "डाव्यावर लक्ष ठेव," एवढंच बोलल्या. नंतर दादांकडून कळलं की त्यांची किडनी कधीचीच खराब होत आली होती. फोरमवर कुणालाही सांगायचं नाही, अशी त्यांची ताकीद होती. "इथे पाय विचारायले येतात लोकं," त्या म्हणाल्या होत्या, "माही किडनी काहून वाचतीन?" हे ऐकल्यापासून एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. कशा आहात, कशा आहात हे विचारण्यात वेळ घालवू नका, असं त्यांनी आम्हाला इतकं पक्कं शिकवलं की त्यांना ते कुणी विचारलंच नाही.

त्या गेल्या त्या दिवसापासून फोरम फुलांनी भरला. भावपूर्ण श्रद्धांजली. पणत्या, गुलाब, जोडलेले हात. त्यांच्या फोटोला चौकटी लावून, ढगांत ठेवून. प्रत्येकाने स्वतंत्र पान उघडून लिहिलं, कारण प्रत्येकाला वाटलं की आपलं वेगळं दिसावं. मीही लिहिलं. तीन-चार वेळा लिहिलं. आणि आठवड्याभराने माझा तो राहिलेला प्रश्न पाठवला. दवाखान्याची पुढची तारीख लांब होती. पाय वळतोय हे मला दिसत होतं, नवऱ्याला दिसत नव्हतं. तो म्हणत होता, "तारखेला जाऊच ना, सुट्टी मिळत नाही." थांबायचं की आत्ताच जायचं, एवढंच मला विचारायचं होतं. थांबले आणि पाय आणखी कडक झाला तर? पाठवल्यावर थोड्या वेळाने बघितलं तर माझा प्रश्न खाली गेला होता. संध्याकाळी तो पहिल्या पानावरही नव्हता. आणखी तीन फोटो आले होते, पणत्यांचे.

पुन्हा टाकायला हात होईना. लोक रडत असताना आपण आपलं घोडं पुढे दामटायचं, हे मला जमणाऱ्यातलं नव्हतं. मी वाट बघत राहिले. रोज मोजे घालताना तन्वीची टाच हातात घ्यायचे आणि ती कालच्यापेक्षा जरा जास्त वर वाटायची. आज टाकते, उद्या टाकते करत दिवस गेले. शेवटी तिला घेऊन नंदनवनला गेले.

"या वहिनी," दादा म्हणाले. "पोट्टीले आना आत, लय ऊन आहे." दिवाण तसाच होता, चादर बदललेली. तन्वी सवयीने जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली. दादांनी पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं. त्यांच्याइतकं ते कुणाला ओळखू येणार?

"हे केव्हापासून?"

"महिन्याच्या वर झालं."

"मंग टाकलं काहून नाही फोरमवर?"

"टाकलंय दादा."

त्यांनी फोन घेतला आणि अंगठ्याने वर सरकवू लागले. गुलाब गेले, पणत्या गेल्या, ढग गेले. खूप वेळ नुसता अंगठाच चालत होता. मग थांबला. त्यांनी माझा प्रश्न वाचला, खाली काहीच नव्हतं. ते म्हणाले, "वहिनी, मी हे रोज सकाळी वाचतो. एवढी माणसं आईले ओळखत होती, मले मालूमच नव्हतं. हे वाचूनच उठतो मी. हे कसं काढू, सांगा ना?"

"काढू नका," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "पण बाजूला ठेवा दादा. पोरांचे पाय दिसत नाहीत त्यात."

दादा खुर्ची ओढून, आता बाहेरच्या खोलीत आणलेल्या संगणकापुढे बसले. 'आठवणी' नावाचं एक वेगळं पान केलं आणि एकेक श्रद्धांजली उचलून तिकडे नेऊ लागले. एकेक वाचत, कारण वाचल्याशिवाय त्यांना हलवता येत नव्हतं. बऱ्याच वेळाने, मागे न बघता म्हणाले, "तुमचा प्रश्न पुन्हा लिहा आता. ताजा. इथेच बसून लिहा."

मी लिहिला. 'डावा पाय पुन्हा आत वळतो आहे. मुलगी साडेतीन वर्षांची. बूट रोज घातले. उभी राहिली की टाच टेकत नाही, फोटो जोडला आहे. दवाखान्याची तारीख लांब आहे. तोपर्यंत थांबू की आत्ताच जाऊ?' खाली काहीच लिहिलं नाही. पाठवला.

तेवढ्यात आतल्या खोलीत फोन वाजला.

तीन फोन एकदम वाजले होते, माझा हातातला, दादांचा टेबलावरचा आणि तिसरा आतला. दादांचे हात कीबोर्डवर तसेच राहिले. "आईचा आहे," ते म्हणाले. "चार्जिंगले लावून ठेवतो. बंद नाही करवत." आम्ही दोघेही त्या दाराकडे बघत राहिलो, जणू आतून आता कुणीतरी विचारणार आहे, टाच टेकते का. मग माझा फोन वाजला. शबानाचं उत्तर होतं. 'रुको मत. कल ही जाओ. मैं भी आती हूँ, सुबह.' त्याखाली मास्तरांचं. पायाचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात ते.

उत्तरं आली तसा रागही आला. 'मावशींना जाऊन महिना नाही झाला आणि त्यांना कोपऱ्यात टाकलं?' असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने त्याला सुनावलं, तिसरा मधे पडला. ज्याने आधी लिहिलं होतं तो फोरम सोडून गेला. त्याचाही मुलगा प्लॅस्टरमध्ये आहे. त्याला फोन करणारं आता कुणी नाही. मी नंबर काढून ठेवलाय, पण काय बोलावं ते सुचत नाही.

तन्वीच्या डाव्या पायाला पुन्हा प्लॅस्टर लागलं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं, आता बघू, कदाचित पुढे लहान ऑपरेशनही लागेल. बाहेर शबाना तिच्यासाठी बिस्किटांचा पुडा घेऊन थांबली होती. तन्वी आता बोलते. प्लॅस्टर ओलं असताना तिने मला विचारलं, "मी तर रोज घातले ना गं बूट?" मी हो म्हटलं.

घरी येऊन, जो रिवाज आहे त्याप्रमाणे, काय झालं ते मी लिहिलं. दर प्लॅस्टरनंतर लिहिते. पाठवलं की सगळ्यांकडे एकदमच जातं, आधी-नंतर असं काही नसतं, हे दादांनी मला समजावून सांगितलंय. तरी बटण दाबल्यावर मी जरा थांबते. नंदनवनच्या त्या आतल्या खोलीत आधी वाजत असेल, असं मला वाटत राहतं. तेवढं वाजून होऊ देते... आणि मग तन्वीकडे वळते.